पहाटराव

पहाटराव प्रत्येक कॉलनीत एक तरी असतोच. आमच्या संभाजीनगरच्या सिडकोत दर गल्लीला एक आहे. निवृत्तीला दोन-चार वर्षं झालेली, डोक्याला माकडटोपी, पायात मुलाने पुण्याहून पाठवलेले बूट आणि सूर्य आपल्यालाच विचारून उगवतो असा चेहरा.

“किती वाजता उठता?” असं त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून उत्तर ते आधीच देऊन टाकतात. चार! लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, अगदी स्मशानातसुद्धा. “गेले बिचारे. बारा-बारा वाजेपर्यंत जागायचे. मी सांगत होतो.”

उठलं की कपालभाती, मग कॉलनीच्या ग्रुपवर कमळासकट ‘सुप्रभात’. त्यानंतर स्कूटर काढून गोगाबाबा टेकडी. चालायला जायचं तर गाडी हवीच. टेकडीवरून अख्खं शहर दिसतं, पण पहाटरावांची नजर मोबाइलमधल्या पावलांच्या आकड्यावर. खाली उतरलं की दोन कचोऱ्या. “सकाळचं सगळं पचतं.”

हा सारा डोलारा ब्राह्म मुहूर्तावर उभा आहे. एक मुहूर्त 48 मिनिटांचा आणि ब्राह्म मुहूर्त लागतो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 रेखांशावर, आपण राहतो 75.3 च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर संभाजीनगरचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे ब्राह्म मुहूर्त साडेपाचच्या सुमारास. शेजारच्या भूगोलाच्या बाईंनी हे कागदावर मांडून दाखवलं. पहाटराव म्हणाले, “मग सूर्यालाच सांगा, लवकर उठत जा म्हणावं!”

परवा टेकडीवरून येताना त्यांना वाळूजच्या कंपनीच्या बसमधून उतरलेला एक पोरगा सापडला. “शाब्बास! तरुणांनी असंच सकाळी दिसायला पाहिजे. किती वाजता उठलास?”

“काका, थर्ड शिफ्ट होती. मी अजून झोपलोच नाही.”

पहाटरावांनी त्यालाही ध्यानाचे तीन फायदे सांगितलेच. जाधववाडीच्या बाजारात हमाल भल्या पहाटे पोती उचलतात, पण त्यांचं उठणं पहाटराव धरत नाहीत. त्यात साधना नसते.

फायदे मात्र खोटे नाहीत. बीपी ताब्यात आहे, डॉक्टर खूश आहेत. फक्त अकरा वाजता पहाटराव पेपर तोंडावर घेऊन घोरतात आणि रात्री साडेआठला घरात संचारबंदी लागू होते. टीव्ही बंद, फोडणी बंद; दहावीतला नातू बाथरूममध्ये बसून प्रमेयं पाठ करतो.

आणि जायकवाडीचं पाणी ज्या दिवशी गल्लीत येतं, त्या दिवशी वहिनी अडीचलाच उठतात. मोटार लावायची, पाइप धरायचा, टाकी, ड्रम, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा. चारला पहाटराव उठतात, तांब्याच्या भांड्यातून घोट घोट उषःपान करतात आणि डोळे मिटून म्हणतात, “बघ, या वेळेला किती शांत वाटतं!”

“वाटणारच,” वहिनी म्हणतात, “मोटार आत्ताच बंद केली.”