लेकरांची सोय, अध्यक्षांची गैरसोय

हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून शौर्यकथा म्हणून ऐकत आलो. अधिवेशनाच्या संयोजन समितीवर काम केल्यापासून मात्र मला ती नियोजनाची गोष्ट वाटायला लागली आहे. कोजागिरीचा दिवस, रायगडावर दुधाची गरज, दरवाजे बंद व्हायची वेळ पक्की. सगळं चोख. फक्त दूध घालायला येणाऱ्या बाईचं तान्हं खाली घरी आहे, ही नोंद कुणाच्या टिपणात नव्हती. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केलाच, शिवाय त्या जागी बुरूज बांधून ती वाट कायमची बंदोबस्तात घेतली. पुढच्या पिढ्यांनी त्यातला फक्त सत्काराचा भाग उचलला.

तान्ह्या बाळांसाठीच्या खोलीचंही तसंच. 2018च्या सप्टेंबरात न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या, तेव्हा त्या बाळाला ओळखपत्र मिळालं. 2022च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, आणि मग विधानभवनात हिरकणी कक्ष उघडला. म्हणजे आधी बाळ हजर व्हावं लागतं, मग किल्ल्या सापडतात.

आमचं अधिवेशन शिक्षकांचं. रोज साठ-साठ मुलं सांभाळणारी माणसं. पण स्वतःचं एक मूल घेऊन दोन दिवस कुठे जायचं म्हटलं की त्यांचाही चेहरा उतरतो. पहिल्या बैठकीत समित्या पडल्या. भोजन, निवास, स्वागत, मंच, ध्वनिक्षेपक आणि वाहनतळ. वाहनतळाला चुन्याच्या रेषा, टोकन, शिट्टीवाले दोन स्वयंसेवक आणि 'आपल्या वाहनाची काळजी घेतली जाईल' असा फलक मंजूर झाला. तेव्हा सहसचिव बाईंनी विचारलं, "आणि मुलांचं काय?"

"कुणाच्या?" खजिनदार सर म्हणाले.

प्रश्न रास्त होता. तोवर आमच्या अधिवेशनांना मुलं नसायचीच. कारण ती ज्यांच्याजवळ असायची, त्या बायकाही नसायच्या. ज्या यायच्या, त्यांच्या घरी एखादी सासू किंवा आई कंबरेला पट्टा लावून नातवामागे धावत असायची. महाराष्ट्रातली निम्मी अधिवेशनं आज्यांच्या गुडघ्यांवर उभी राहिली आहेत. स्मरणिकेतल्या ऋणनिर्देशात मात्र मंडपवाल्याचं नाव असतं, आजीचं नाही.

"कार्यकर्त्यांच्या मंडळी बघतील की," उपाध्यक्ष म्हणाले.

"त्या मंडळी शिक्षिकाच आहेत सर. त्यांनी अधिवेशनाला यायचं नाही का?"

मग कायदा निघाला. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवावं लागतं. खजिनदारांनी शांतपणे सांगितलं, "आपण आस्थापना नाही, समिती आहोत." एरवी याच सरांच्या भाषणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हमखास येतात. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून कोसबाडला या बायकांनी कुरणशाळा काढली, हे सांगताना त्यांचा गळाही दाटतो. सहसचिव बाईंनी अंदाजपत्रकावर बोट ठेवलं. "फोटोंना हारांसाठी पैसे धरलेत सर. त्यांचं काम करायला काही धरायचं का?" 1969 साली दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर, मजूर बायकांच्या पोरांसाठी मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं होतं, हेही त्यांनी ऐकवलं. विटा वाहणाऱ्या बायकांसाठी जमलं ते आमच्यासाठी न जमायला आमच्याकडे एकच अडचण होती: आमच्याकडे समिती होती.

शेवटी रक्कम 'किरकोळ' या शीर्षाखाली मंजूर झाली.

मुलं किती येणार, हे कळायला नोंदणी अर्जात एक रकाना वाढवला. शाकाहारी, मांसाहारी, उपवास असे रकाने आधीच होते. नवा रकाना: 'सोबत मूल आहे का? असल्यास वय.' उत्तरं भरघोस आली. एकांनी लिहिलं, 'आहे, वय 31, बी.एड. झाले आहे, जागा असल्यास कळवावे.' दुसऱ्यांनी, 'आहे, पण आणणार नाही. त्याच्यापासून सुटका म्हणूनच येत आहे.' कामाची उत्तरं वेचता वेचता वीसेक मुलं हाती लागली, सहा महिन्यांपासून नऊ वर्षांपर्यंत.

सभागृहाच्या व्यवस्थापकांना खोली मागितली, तर ते जवळजवळ दुखावलेच. "आहे की आमच्याकडे हिरकणी कक्ष!" दार उघडलं. आत मोडक्या खुर्च्यांची थप्पी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणि माणसाच्या उंचीची एक पितळी समई. समई हलवायला चार माणसं लागली. मग बाईंनी आपली यादी काढली. खोली तळमजल्यावर, शौचालय लगत. प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी. फुगे नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तान्ह्याच्या घशात अडकतो. दुधाच्या बाटलीवर नाव. कुणाला शेंगदाणा चालत नाही, त्याची नोंद. सोडायला येईल त्याचा फोन नंबर वहीत आणि मुलाच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर. त्याच माणसाच्या हाती मूल परत. बालवाडीच्या दोन अनुभवी ताई, एक मावशी, आणि तिघींना रीतसर मानधन. पाळणाघर पहिल्या सत्राच्या अर्धा तास आधी उघडणार, शेवटच्या सत्रानंतर अर्ध्या तासाने बंद. यातलं काहीच अवघड नव्हतं. कुणीतरी बसून लिहून काढायला हवं होतं, एवढंच.

प्रत्यक्ष दिवशी पाळणाघर इतकं बरं चाललं की त्याची अडचण झाली. सभागृहातले पंखे गरगरत नुसते आवाज करत होते. इथले वारा देत होते. गाद्या होत्या, मऊ खिचडी होती, भाषण नव्हतं. दुपारच्या परिसंवादाच्या वेळी दोन मुख्याध्यापक तिथे 'पाहणी' करता करता आडवे झाले. मावशींनी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या पाठीवर नंबर नसल्यामुळे कुणाला बोलवावं, ते त्यांना कळेना.

खरा चमत्कार समारोपाला झाला. सव्वापाचला अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आमच्याकडे अध्यक्षांना थांबवण्याचे सगळे उपाय थकले आहेत. चिठ्ठी ते न वाचता खिशात घालतात, घंटेला दाद समजतात, आणि टाळ्या वाजवल्या तर आणखी फुलतात. 'थोडक्यात आटोपतो' म्हणून त्यांनी शिक्षणाच्या इतिहासाला हात घातला. सहा वाजता मावशी सभागृहाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि वर्गातल्या हजेरीच्या सुरात म्हणाल्या, "साडेसहाला बंद होणार. पुढे दर पंधरा मिनिटांना जादा पैसे पडतील."

खजिनदार सर ताडकन उठले. मंचाच्या पायऱ्या चढले, अध्यक्षांच्या कानाशी लागले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण अध्यक्ष वैदिक काळातून थेट 'जय हिंद, जय महाराष्ट्र'वर आले. मागच्या रांगेतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ज्यांच्या मुलांना नातवंडंसुद्धा आहेत, तेही उभे राहून वाजवत होते.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पाळणाघर 'किरकोळ'मधून निघून पहिल्या ओळीवर गेलं आहे. प्रस्ताव खजिनदार सरांचा. त्यांनी एक दुरुस्तीही सुचवली: उद्घाटनालाही पाळणाघर अर्ध्या तासातच बंद होणार आहे, असं मंत्र्यांना आधीच कळवावं. ठराव एकमताने संमत झाला. अध्यक्ष तटस्थ राहिले.