उजेडवाले आण्णा

आण्णांना रस्त्यात नमस्कार घातला तर ते आधी आभाळाकडं बघतात, मग आपल्या दंडाला धरून दोन पावलं बाजूला सरकवतात आणि मगच विचारतात, “काय, बरं हाय न्हवं?” नवख्याला वाटतं, मागून ट्रॅक्टर आला असणार. ट्रॅक्टर-बिक्टर काही नसतो. आपल्या तोंडावर पानांची सावली ठिपक्याठिपक्यांनी पडलेली असते आणि ते आण्णांना सोसत नाही.

असा एक फोटोवाला गावोगावी असतोच, पण मुरगूडचे आमचे आण्णा जरा जास्तच. एकेकाळी त्यांचा स्टुडिओ होता. मागं ताजमहालाचा पडदा, पुढं प्लॅस्टिकची फुलदाणी. आता ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, पडदा गुंडाळला गेला आणि आण्णा उघड्यावर आले. हे ते दुःखानं सांगत नाहीत. “चार भिंतीत काय हाय? उजेड भाईर असतोय,” म्हणतात.

ऊन आणि उजेड यांत त्यांच्या लेखी दीर आणि दरोडेखोर एवढा फरक. कुठंही गेले की स्वतःची मूठ नाकासमोर धरून गरागरा फिरवतात. पाहुण्यांना वाटतं, गडी भांडणाच्या तयारीत आहे. ते बोटांच्या पेरांवर सावली कुठं पडते ते बघत असतात. जिथं ती मऊ पडेल, तिथं नवरीला उभं करायचं. “त्या हिरव्या भिंतीपाशी नगं, वैनी आजारी दिसतील. हिकडं या. हां, आता डोस्क्यातनं खांब उगवलाय. अर्धं पाऊल सरका की!”

त्यांचं खरं हाडवैर दुपारच्या मुहूर्ताशी. आपल्याकडं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. लग्नं तेव्हाच आणि अक्षता साडेबाराच्या. अशा उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठावर उतरते आणि नवरामुलगा उगीचच मिशीवाला होतो. आण्णांनी एकदा भटजींना मंगलाष्टकं जरा लांबवता येतील का, असं विचारलं होतं. भटजी अजून त्यांच्याशी सरळ बोलत नाहीत. अक्षता पडल्या रे पडल्या की आण्णा जोडप्याला एखाद्या जुन्या घराच्या दारात पळवतात आणि उंबऱ्याच्या आत एकच पाऊल उभं करतात. वर छप्पर, समोर उजळलेलं अंगण. तिथं नवरीचे डोळे उघडतात, चेहरा शांत होतो. हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मामांचा किस्सा त्यातलाच. त्या लग्नात चेहऱ्यावर उजेड परतवायची थर्माकोलची शीट वाऱ्यानं मोडली. आण्णांनी मांडवात नजर फिरवली आणि नवरीच्या मामांना मोठ्या मानानं बोलावलं. मामा धिप्पाड, अंगात परीटघडीचा पांढराशुभ्र सदरा. “मामा, वाईच उन्हात उभं ऱ्हावा. छाती भाचीकडं. हालू नगासा.” मामा पाऊण तास घामानं निथळत, हसरा चेहरा करून उभे. अल्बम आला तेव्हा भाचीच्या गालावर सुरेख उजेड होता आणि मामा एकाही फोटोत नव्हते. “तुमीच तर हायसा त्यो उजेड,” आण्णांनी समजूत घातली. मामांना ती पटली नाही.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी ठरलेली जागा म्हणजे सर पिराजीराव तलाव. चारला बोलावतात आणि सहापर्यंत एकही फोटो काढत नाहीत. “आजून कडक हाय.” पोरगी भुकेली, पोराचे बूट चावतात, मेकअप ओघळतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जाऊन धूळ उडाली की सगळे नाकाला रुमाल लावतात, आण्णा मात्र हरखतात. तिरप्या उन्हात ती धूळ सोनेरी होते. ऊस तुऱ्यावर आला असेल तर तुऱ्याआडून सूर्य धरून पोरीच्या केसांना कड काढतात. अखेर सूर्य बुडतो, पोरं चपला शोधू लागतात आणि आण्णा ओरडतात, “कुटं निगालासा? खरा उजेड आत्ता सुरू झालाय!” तेही खोटं नाही. सूर्य गेल्यावर थोडा वेळ अख्खं आभाळ मंद उजळतं, डोळे किलकिले करावे लागत नाहीत. पण तेवढ्यात सासूबाईंचा तिसरा फोन आलेला असतो.

कुणी कुरकुरलं की कोल्हापूर बाहेर काढतात. चित्रकार आबालाल रहिमान तिथल्या कोटितीर्थाच्या तळ्यावर बसून तेच पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवायचे, मग तुम्हाला दोन तास थांबायला काय होतंय? ‘सावकारी पाश’ सिनेमावाले बाबूराव पेंटरही आधी चित्रकारच. “बाबूरावांनी कॅमेरा घरी बनीवला,” आण्णा बोट वर करतात, “सूर्य न्हाई बनीवला. त्याची वाट त्यांनीबी बघितली.” यावर काय बोलणार?

स्वतःचा फोटो मात्र ते काढू देत नाहीत. “तुमाला उजेड कळत न्हाई” म्हणतात. आधार कार्डावरचे आण्णा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली, फरारी गुन्हेगार दिसतात.

तेव्हा मुरगुडात लग्न काढणार असाल तर भटजींकडून गोरज मुहूर्तच मागून घ्या. आण्णा पैसे कमी घेतील. आणि मामांना रंगीत सदरा घालायला सांगा.