टॉर्क काकाजी

प्रताप नगरात कुणाच्या गाडीचं हेड उघडलं, की ती बातमी गाडीच्या मालकाआधी टॉर्क काकाजींना लागते. मालक अजून खर्चाचा आकडा पचवत असतो, तोवर काकाजी काखेत खोका मारून गॅरेजच्या दारात हजर. खोका जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, आत टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर पडला की 'टक्' करणारा पाना. काकाजी नातवाला बिनधास्त कुणाच्याही कडेवर देतील, हा खोका देणार नाहीत.

एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून ते निवृत्त झाले. नोकरी सुटली, नट आवळायची शिस्त सुटली नाही. या जातीच्या माणसाला स्वतःचं काहीच दुरुस्त करायचं नसतं. दुसऱ्याचं चुकीचं दुरुस्त होताना मात्र त्याला बघवत नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तेल कोणतं लावून राहिला बे?"

मिस्त्री बुलेटच्या हेडवर नट फिरवत असतो. वर न बघता म्हणतो, "तेल कायले काकाजी? नट कोरडाच पक्का बसते."

"पक्का बसत नाही, पक्का वाटते!" काकाजी पालथा डबा ओढून बसतात. आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

नटाला लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यातच संपतो. चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जिरतो. नट ज्यावर फिरतो तो स्टड ताणायच्या कामी येतात ते जेमतेम दहा टक्के. "राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते, रुपयातले पंधरा पैसे पोचतात. इथं तर दहाच!" हे वाक्य ते दर वेळी तितक्याच उत्साहाने टाकतात. हेडला दाबून धरतो तो ताणलेला स्टड, पान्यावरचा आकडा नव्हे. आटे कोरडे किंवा गंजके असले, की पान्यावर आकडा पुरा येतो आणि स्टड मात्र ताणलेलाच नसतो. उलट पुस्तकात साध्या इंजिन ऑइलचा आकडा दिलेला असताना हौसेने मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस फासलं, तर त्याच आकड्याला स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून तेल न विचारता आकडा सांगणाऱ्या माणसाच्या हाती गाडी द्यायची नाही, हा काकाजींचा फतवा.

मग प्रात्यक्षिक. स्टडचं भोक खालून बंद असतं. त्यात तेल साचलेलं असलं आणि वरून स्टड पिळला, तर तेलाला जायला वाट नाही आणि ते दाबलंही जात नाही; मग चिरतं ते ओतीव धातूचं अंग. म्हणून काकाजी काडीला चिंधी गुंडाळून भोकात फिरवतात, हवा मारायला लावतात, एक डोळा मिटून तळ बघतात. स्टड बोटांनीच फिरवत खाली न्यायचा. "याले आवळाचं नाही, फक्त बसवाचं. आवळाचा तो नट." मग करंगळीने तेल. वरच्या आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वायसरच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला थेंब लागला, तर नटाबरोबर वायसरही गरगरतं, आणि मिस्त्रीच्या पोऱ्याची त्या दिवशी खैर नसते.

आवळणं तिरप्या क्रमाने आणि तीन टप्प्यांत. मोठं इंजिन असेल तर मधून कडेकडे. पाना सावकाश ओढत न्यायचा आणि 'टक्' झालं की हात थांबला पाहिजे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग आहे. "एकदा ऐकू आलं ना? मंग परत कायले? बहिरा आहेस का?" या टक्‌साठी गॅरेजातला रेडिओ बंद होतो, गिऱ्हाइकांना फोनवर बाहेर जाऊन बोलावं लागतं. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली, की काकाजी पाना जागच्या जागी धरून ती पुढे जाईपर्यंत तसेच उभे.

काम संपलं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, कारण स्प्रिंगलाही आराम हवा. वर्ष झालं किंवा ५००० वेळा वापरला, की पाना तपासून घ्यावा असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. काकाजींच्या वहीत प्रत्येक टक् मांडलेला आहे. दुधाचा हिशेब काकूंकडे असतो. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनरॅड बार नावाच्या माणसाने १९१८ साली हा पाना काढला, कारण नळांच्या जोडांवरचे बोल्ट लोक वाट्टेल तसे पिळत होते. सरकारी नोकराने लावलेला शोध म्हणून काकाजींना त्याचा घरचा अभिमान आहे.

घरी काय चालत असेल, ते काकूंकडूनच ऐकावं. "यायले लोणचं वाढा म्हटलं, तर आधी झाकण कोणी लावलं ते विचारतात." शेजारच्या लग्नात गुरुजींनी उपरणं-शालूची गाठ एका दमात आवळली, तेव्हाही काकाजी खुर्चीत चुळबुळले होते. टप्पे पडले नव्हते.

एकदा मात्र मिस्त्रीने डाव साधला. काकाजी यायच्या आत त्याने सगळे नट हाताच्या अंदाजाने आवळून टाकले आणि हात पुसत म्हणाला, "तपासा ना काकाजी. तुमच्यापाशी काटा आहे ना!"

गॅरेजातली चार माणसं गोळा झाली. काकाजींनी खोका उघडलाच नाही. बसलेला नट जागेवरून हलवायलाच जास्त जोर लागतो, त्यामुळे तेव्हा दिसेल तो आकडा खोटा, असं ते म्हणाले.

"म्हणजे माह्या हात बरोबर का चूक, हे तुमचा पाना सांगू शकत नाही?"

काकाजी बराच वेळ हेडकडे बघत राहिले. खोटं बोलले असते तर निभावलं असतं. पण म्हणाले, "नाही सांगू शकत."

मिस्त्रीने विजयी नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

"म्हणून तर म्हणतो," काकाजी पुढे म्हणाले, "खोल."

सगळं पुन्हा खोललं गेलं. मालक घड्याळ बघत सुभाष नगरच्या मेट्रोकडे चालता झाला. दबलेलं गॅसकेट बदलावं लागलं, त्याचे पैसे काकाजींनी पेन्शनमधून दिले. पावती मात्र मागून घेतली.

हल्ली त्यांच्यावर नवंच संकट आलं आहे. नव्या गाड्यांच्या हेडचे बोल्ट थोडे आकड्याने आणि पुढे अंशांनी आवळायचे असतात. डिझेल स्विफ्टचं हेड बसवताना मिस्त्रीने मोबाइलवर वाचून दाखवलं, "आधी ४० न्यूटन-मीटर, मंग ९० अंश, मंग आणखी ९०." आणि वर म्हणाला, "नव्वद म्हणजे काटकोन. डोळ्यांनीच दिसते ना काकाजी."

"अंदाजाने?" काकाजी एवढंच बोलले आणि उठून थेट चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथं त्यांनी कोनमापक मागितला. प्लॅस्टिकचे तीन परत केले, रेघा पुसट होत्या. चौथा उजेडात धरून बघत होते, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का काकाजी?"

"नाही बा. स्विफ्टसाठी."