धुळ्याची खबर जळगावला, दिल्लीमार्गे

माहिती-यंत्रणांचे ऑडिट करणाऱ्याला 'सिसा' ही पात्रता टिकवायची तर तीन वर्षांत १२० तास शिकल्याचा हिशेब द्यावा लागतो. तो 'आयसाका' ही अमेरिकेतली संस्था मागते. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचा तगादाही असाच. शिकल्याचा पुरावा म्हणजे हजेरी. वर्षाचे तास भरायची मुदत आणि भरिताच्या वांग्यांचा हंगाम दोन्ही डिसेंबरातच येत असल्याने त्या महिन्यात खानदेशात सायबर सुरक्षेविषयी विलक्षण आस्था दाटून येते. मुंबई-पुण्याचा वक्ता येतो, पडद्यावर टोपडे घातलेला चोर झळकतो, पासवर्ड कोणाला सांगू नये यावर एकमत होते, शाल-श्रीफळ होते. जेवणानंतरच्या सत्राला हजेरीपट भरलेला असतो, खुर्च्या मात्र मोकळ्या.

या मेळाव्यांत ज्ञान कमी असते अशी माझी तक्रार नाही. आपल्याच मुलखात काय घडले, हे तिथे कोणी उच्चारत नाही, एवढीच आहे. कॉसमॉस बँकेची कथा सगळ्यांना पाठ: ऑगस्ट २०१८, बनावट कार्डे, २८ देशांतली एटीएम, हाँगकाँगला गेलेले पैसे, एकूण ९४ कोटी. एवढ्या रकमेचा दरोडा सांगायलाही प्रतिष्ठेचा असतो. पण २०२० मध्ये धुळ्याच्या एका सहकारी बँकेच्या, दुसऱ्या मोठ्या बँकेत असलेल्या खात्यातून सुमारे दोन कोटी परस्पर वळते झाले, त्याची स्लाइड कोण करणार? खरे तर आपल्या कामाचा धडा तोच. छोट्या बँकेचे आरटीजीएस बहुधा मोठ्या बँकेच्या खात्यातूनच जाते, म्हणजे तिजोरीची किल्ली एका संगणकात आणि एका मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीत असते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, हा नियम कागदावर चोख असतो. लग्नसराईत दुसरा रजेवर गेला की त्याचा पासवर्ड पहिल्याकडे मुक्कामाला येतो. वर्षातून एकदा आलेल्या ऑडिटरला त्या दिवशी दोघेही जागेवर दिसतात.

असे प्रसंग मेळाव्यात सांगावेत म्हटले, तर पहिली हरकत अब्रूची. रायसोनी पतसंस्थेच्या ठेवीदारांचे हाल पाहिलेल्या जळगावात 'आमच्याकडे चोरी झाली' असे म्हणायची कोणाची छाती होईल? हरकत खोटी नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांग लागू शकते. पण बँकेचे नाव मागितलेय कोणी? चोर कोणत्या दाराने आला आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीच का आला, एवढे सांगितले तरी पुरे. शिवाय ही लपवाछपवी नेमकी कोणापासून? चोराला सगळे ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेला कळवावे लागतेच, आणि २०२२ पासून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर यंत्रणेला सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. अंधारात राहते ती फक्त शेजारची बँक. धुळ्याची खबर नव्वदेक किलोमीटरवरच्या जळगावला पोचते ती दिल्लीमार्गे, इंग्रजी सूचनापत्रक होऊन, आणि ते पत्रक आवक-जावक रजिस्टरात सुखरूप विसावते.

दुसरी हरकत अशी की इथे तज्ज्ञच किती? बोटांवर मोजण्याइतके, मान्य. पण रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पायऱ्या ठरवल्या, तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरच्या बँकांनाही नियमांतून सोडले नाही. तिथला सुरक्षा अधिकारी बहुधा कर्जवसुलीही बघतो. संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला सर्व्हरचा पासवर्ड चेअरमनआधी ठाऊक असतो. ही मंडळी, सोबत सायबर पोलीस ठाण्यातला एखादा हवालदार आणि ते मोजके प्रमाणपत्रवाले, एवढ्यांची बैठक जमली तर तज्ज्ञांची वाण भासणार नाही. वेबिनार आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, कॅमेरा बंद ठेवून त्यांत वसुलीचे फोनही होतात.

जागा म्हणाल तर वाटेवरचे पारोळे सोयीचे. फक्त ते जळगाव जिल्ह्यात येते म्हणून धुळेकर हरकत घेतील, आणि त्या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही.