सरपण

नानांना दगडांचा नाद आहे. नाना म्हणजे माझे साडू, राहणार धुळे. कुणी विहीर खणायला घेतली की मालक पाण्याची वाट बघतो आणि नाना बाहेर पडणाऱ्या ढिगाऱ्याची. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात. मोतिया, गुलाबी, एखादा नशिबाने हिरवा. त्यांनी नानांची शोकेस इतकी भरली आहे की अक्कांच्या लग्नातला टी-सेट कित्येक वर्षं माळ्यावर आहे. (अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. टी-सेटचा विषय त्यांच्यापुढे काढू नये.)

डिसेंबरात नानांचा जळगावला फोन आला. जैसलमेरच्या अलीकडे आकल नावाचं गाव आहे, तिथे वाळवंटात झाडंच्या झाडं दगड होऊन पडली आहेत, आपण गाडीने जाऊ आणि एक तुकडा आणू. एक तुकडा आणायला हजारावर किलोमीटर! पण सुट्टी शिल्लक होती.

नाना-अक्कांना घ्यायला धुळ्याला पोचलो तर नाना डिकीत तुरकाठ्यांचा भारा कोंबत होते. शेजारी पिशवीभर बामणोदची वांगी. भरीत तुरकाठ्यांवरच भाजलं पाहिजे आणि राजस्थानात तुरकाठ्या मिळतील याचा काय भरवसा, असा त्यांचा हिशोब. लाकूड बघायला निघालेली माणसं सरपण बरोबर घेऊन निघाली.

साक्रीच्या आसपास माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. कुण्या राजाचा तट वाटावा. जमिनीच्या भेगांतून वर चढणारा लाव्हा तिथेच थिजला, बाजूचा खडक झिजून गेला आणि भिंत उरली. नाना प्रत्येक भिंतीची ओळख वडीलधाऱ्यांची करून द्यावी तशी करून देत होते. "यान्हापेक्षा जुनं काय ऱ्हाई भाऊ?" कोंडाईबारीचा घाट उतरेपर्यंत हे चाललं. सुरत, अहमदाबाद, पालनपूर, बाडमेर हे सगळं मात्र डुलक्यांत गेलं.

आकल जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला. एकवीस हेक्टरांचं उघडं माळरान, आणि त्यात जागोजाग पत्र्याचं छप्पर घातलेले लोखंडी पिंजरे. आत वाघ असावा अशा बंदोबस्तात ओंडका पहुडलेला. मी जाळीला डोळा लावला. साल दिसत होती, उभ्या रेषा दिसत होत्या, फांदी फुटली होती तिथली गाठसुद्धा. वखारीत पडला असता तर मिस्त्रीने पेन्सिल काढून माप घेतलं असतं. झाड पडलं, कुजायच्या आत गाळाखाली गाडलं गेलं, मग सिलिका विरघळलेलं पाणी त्याच्यात झिरपत राहिलं आणि लाकडाची जागा पेशी-पेशीने दगडाने घेतली. लाकूड गेलं, त्याचा आकार तेवढा राहिला.

"लाकूड शे का दगड शे?" नाना स्वतःशीच पुटपुटले.

अक्का पदराने वारा घेत म्हणाल्या, "एवढं लाकूड, आणि एक चूल पेटायची नाही!"

पाटीवर वय होतं, अठरा कोटी वर्षं. नानांनी हिशोब मांडला आणि एकदम गप्प झाले. आपल्याकडे लाव्हा पसरला तो साडेसहा कोटी वर्षांमागे. म्हणजे साक्रीच्या त्या वडीलधाऱ्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा ही झाडं पडून अकरा कोटी वर्षं उलटली होती. अख्खा खानदेश या ओंडक्यापुढे पाळण्यात होता. धुळ्याच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

परतताना नानांच्या पायाशी बोटाएवढी तांबूस ढलपी होती. ते चप्पल नीट करायला वाकले. जरा जास्तच वेळ वाकले. मागून आवाज आला, "साहब, वहीं रख दीजिए." हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, इथली कपचीही उचलता येत नाही, हे नानांना माझ्याआधी ठाऊक होतं. त्यांनी ढलपी ठेवली. नुसती टाकली नाही. ती ज्या अंगावर पडली होती त्याच अंगावर ठेवली.

पुढे एका खेजडीच्या सावलीत तुरकाठ्या पेटवल्या. वांगी झकास भाजली. दहा मिनिटांत भाऱ्याची मूठभर राख झाली आणि वाऱ्याने तीही नेली. नाना भरीत खाताना फारसं बोलले नाहीत.

जैसलमेरच्या बाजारात मात्र त्यांना तोड सापडली. तिकडे हाबूरच्या तपकिरी दगडाच्या वाट्या मिळतात. हा दगड जुन्या समुद्राच्या तळाचा, आत शिंपल्यांचे जीवाश्म. दुकानदार सांगतो, यात कोमट दूध ओता, विरजणाशिवाय दही लागतं. जीवाश्मही झाला, पावतीही मिळाली! नानांनी वाटी घेतली.

धुळ्यात पोचल्यावर लगेच प्रयोग झाला. सकाळी वाटीत दूधच होतं. थंडीमुळे असेल म्हणून पुन्हा झाला. तिसऱ्यांदा अक्कांनी दूध द्यायला नकार दिला आणि वाटीत लसूण सोलून ठेवला.

मे महिन्यात भर दुपारी नानांचा फोन आला. बाहेर पंचेचाळीस अंश. "लागनं भाऊ, दही लागनं!"

मागून अक्कांचा आवाज आला, "पातेल्यातलं पण लागलंय म्हणावं. तिथल्या तिथे."