शून्य म्हणजे आहे

थेरगावात डांगे चौकाच्या आसपास ज्यांची छोटी वर्कशॉप आहेत, त्यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा. मशिनची घरघर, कूलंटचा वास आणि कोपऱ्यात ऑइलच्या बोटांनी काळाकुट्ट झालेला कीबोर्ड. एका शेठना मोजमापाचा प्रोग्रॅम विकणाऱ्यांचं पत्र आलं: प्रोग्रॅम किती संगणकांवर आहे ते कळवा, त्याप्रमाणे यंदाचं शुल्क लागेल. शेठ म्हणाले, "आहे की नाही, एवढंच तर बघायचंय. पाच मिनिटांचं काम."

'आहे की नाही' हे पाच मिनिटांचं काम असतं तर आमच्यासारख्यांची चूल पेटली नसती. प्रोग्रॅम आहे का ते बघायचं विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत. ती १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर आली तेव्हा बेताची होती. विंडोज ९५ पासून जो तो प्रोग्रॅम आपली नोंद तिथे करायला लागला. येताना करतात अगदी मन लावून. जाताना पुसायचं मात्र भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

नोंद तपासायला स्क्रिप्ट लिहायची. काळ्या खिडकीत 'रेग क्वेरी' चालवली की नोंद सापडली तर शून्य मिळतो, नाही सापडली तर एक. आमच्या वेळी शून्य मिळाला की वडिलांना शाळेत बोलावत. इथे तीच शाबासकी. जुनी व्हीबीस्क्रिप्ट त्याहून तऱ्हेवाईक. वाचायला सांगितलेली नोंद नसली तर ती सरळ 'नाही' म्हणत नाही, आरडाओरडा करून जागच्या जागी बसते. म्हणून वर एक ओळ टाकायची: 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. काहीही झालं तरी थांबायचं नाही, पुढे घुसायचं. संध्याकाळी सातला डांगे चौक याच ओळीवर चालतो.

मी पॉवरशेल उघडलं. 'टेस्ट-पाथ' लिहून नोंदीचा पत्ता दिला. उत्तर आलं, फॉल्स. आणि त्याच पडद्यावर, बाजूच्या खिडकीत, तोच प्रोग्रॅम उघडा होता. ऑपरेटर त्यात शाफ्टचा व्यास भरत होता.

"मग हे काय चाललंय?" शेठ म्हणाले.

प्रोग्रॅम ३२ बिटचा, विंडोज ६४ बिटचं. अशा वेळी विंडोज प्रोग्रॅमला पत्ता लागू न देता त्याची नोंद 'वाव६४३२नोड' नावाच्या वेगळ्या कप्प्यात नेऊन टाकतं. ६४ बिटची स्क्रिप्ट मुख्य जागी डोकावते आणि छातीठोकपणे सांगते, इथे कोणी नाही. तीच स्क्रिप्ट ३२ बिटच्या पॉवरशेलमध्ये चालवली, तर उत्तर ट्रू! त्यातून नोंद 'एचकेसीयू'मध्ये, म्हणजे ज्याच्या-त्याच्या खात्यापुरत्या भागात असेल, तर लॉगिन कोणाचं तेही बघायचं. ऑपरेटरच्या खात्यात असते, ॲडमिनच्या खात्यात नसते.

"म्हणजे कोण विचारतंय त्यावर आहे," शेठ म्हणाले. वीजजोडणीपासून अग्निशमनच्या दाखल्यापर्यंत सगळे हेलपाटे स्वतः घातलेला माणूस. त्यांना समजवायला मला वेळ लागला नाही.

स्क्रिप्टला दोन्ही कप्पे बघायला लावले आणि ऑफिसातल्या जुन्या संगणकावर चालवली. ट्रू. प्रोग्रॅम उघडायला गेलो तर तो होताच कुठे? कोणीतरी कधीच काढून टाकलेला, नोंद तेवढी मागे राहिलेली.

शेठनी मनातल्या मनात हिशेब केला. जो आहे त्याचे पैसे, वर जो नाही त्याचेही.

"ती तुमची पहिली स्क्रिप्ट होती ना, नाही म्हणणारी," ते म्हणाले, "तिचा प्रिंट काढा. चांगली होती ती."