कोटेशन तात्या

कोल्हापुरात प्रत्येक पेठेला एक तालीम असते, एक मिसळवाला असतो आणि एक कोटेशन तात्या असतो. पहिल्या दोघांना पाटी लागते, तात्यांना लागत नाही. आमच्या मंगळवार पेठेतल्या तात्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, पण ते वाचायची वेळ अजून कुणावर आलेली नाही. वय साठीच्या जरा अलीकडचं, गावाकडे थोडा ऊस, मिशी काळीभोर आणि स्वभाव संशयी.

हा संशय म्हणजे पेठेची सामायिक मालमत्ता. पिशवीतलं दूध तात्यांना वर्ज्य. रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन म्हशीसमोर उभे राहतात आणि धार ग्लासात पडेपर्यंत पापणी लववत नाहीत. गुजरीत सोनं घेताना हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक मोबाइलवर तपासल्याखेरीज खिशातून हात बाहेर येत नाही. पेठ वडगावच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून आदत, दुसा, चौसा की जुळला हे व्यापाऱ्याच्या आधी सांगतात. मग उपरण्याखाली बोटं दाबून असा भाव पाडतात, की बैलालाच कानकोंडं व्हावं.

असा हा माणूस सौंदर्याच्या बाजारात शिरला की भोळा सांब होतो. चौकशीची सगळी कलमं गळून पडतात आणि एकच उरतं : "फायनल किती, सांगा की!"

भाचीचं लग्न ठरलं आणि तात्यांनी जाहीर केलं, "पोरगी हसली की फोटोत जाळ निघाला पाहिजे." वही घेतली, तीन रकाने आखले : दवाखाना, दर, चहा. चहाच्या रकान्यात दिला की नाही एवढीच नोंद. राजारामपुरीच्या गल्ल्या झाल्या, शाहूपुरी झाली. दात पांढरे करायचे एकीकडे चार हजार, दुसरीकडे दहा. "तोंड तेच, दात तेच, मग मधले सहा हजार कुठं मुरले?" तात्या रात्री कट्ट्यावर मला विचारत होते. प्रश्न अगदी रास्त होता. फक्त तो ते मला विचारत होते, दंतवैद्याला नाही.

तात्या माणूस मात्र मायेचा. "पोरीवर प्रयोग नको, आधी माझ्यावर." मोबाइलवर कुणीतरी दाखवलेला लिंबू-सोड्याचा उपाय त्यांनी सुरू केला. खर्च एका लिंबाचा, म्हणजे वहीतला सर्वांत खालचा दर. काही दिवसांत दात उजळले नाहीत, पण माठातलं पाणी प्यायलं की तात्यांच्या मस्तकात कळ जायला लागली. शेवटी ते राजारामपुरीतल्या एका दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

डॉक्टरांनी आरसा हातात दिला. "दाताचं वरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण एकदा झिजला की परत येत नाही. त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर. लिंबानं कवच विरघळतं, मग खालचा पिवळा जास्त दिसतो. तुम्ही पांढरं करायला गेलाय आणि पिवळं उघडं पाडलंय."

"मग हे काळं कशाचं?"

"चहाचं. आणि मिश्रीचं."

मिश्रीचा विषय निघाल्यावर तात्यांनी छताकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हा वरून बसलेला राप आहे, यंत्रानं साफ करून पॉलिश केला की निघेल, बऱ्याच लोकांचं काम तेवढ्यावरच भागतं. राहिला खुद्द दाताचा रंग, तर त्याला पेरॉक्साइड लागतं. दवाखान्यात हिरड्यांना संरक्षक थर लावून तीव्र औषध वापरायचं, नाहीतर तोंडाच्या मापाचा साचा करून घ्यायचा आणि घरी रोज रात्री सौम्य औषध भरून लावायचं. दुसऱ्याला दिवस जास्त लागतात, पैसे कमी. मधले सहा हजार इथं मुरलेले होते.

"ऑनलाइन ह्याहून स्वस्त मिळतंय की."

"मिळतंय. आत किती टक्के आहे ते कोण सांगणार? युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याच्या वरचं पेरॉक्साइड दंतवैद्याशिवाय मिळत नाही, आणि त्यालाही ६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ते लोक काय हौस म्हणून असले नियम करतात?"

इथं तात्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. खांद्यावरचा टॉवेल डॉक्टरांच्या हातमोज्यावर टाकला आणि खालून बोटं पकडली. डॉक्टर मूळचे वडगावकडचे निघाले. त्यांनी शांतपणे बोटं दाबून आपला भाव कळवला आणि हात सोडवून घेतला. सहायक पोरगी औषधाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

आणखी एक अडचण होती. तात्यांचा पुढचा एक दात तरुणपणी कुस्तीत अर्धा तुटलेला, त्यावर कॅप. डॉक्टरांनी बजावलं, औषध फक्त खऱ्या दातावर चालतं, कॅपचा रंग तसूभर बदलत नाही. तात्यांनी यातून काढलेला निष्कर्ष वेगळाच होता : "मग एका दाताचं बिल कमी करा."

बिल कमी झालं नाही. औषध लावून झाल्यावर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. दोन दिवस चहा नको, हळद नको, तांबडं काही नको, खायचं ते फिकं.

तात्यांनी क्षणभर विचार केला. "पांढरा रस्सा चालतोय न्हवं?"

"चालतोय. कोमट."

तिसऱ्या दिवशी तात्या गल्लीत हसत आले. आजूबाजूचे दात पांढरेशुभ्र, मधली कॅप जुन्या रंगात. आधी ती कुणाच्या लक्षातसुद्धा येत नव्हती, आता कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही दिसली. नवी कॅप करायचा खर्च दात उजळायच्या खर्चाहून जास्त निघाला. मोबदला म्हणून तात्यांनी वहीत चौथा रकाना आखला : "आधी काय सांगितलं होतं."

साखरपुड्याला मिशीनं घात केला. रंगाच्या पाकिटावर स्पष्ट छापलेलं असतं, की ४८ तास आधी थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तात्यांनी मुहूर्ताच्या ४८ मिनिटं आधी तो थेट मिशीला लावला. ब्रँडही नवा, कारण एकावर एक फुकट. संध्याकाळपर्यंत वरचा ओठ वडापावाच्या मापाचा झाला आणि साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत मामा तोंडाला रुमाल लावून गहिवरलेले दिसतात. ओठ सुजवणाऱ्या रसायनाचं नाव पीपीडी. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी येतो. नवरीच्या हातावर तासाभरात कोळशासारखी उमटणारी "काळी मेंदी" असते तिच्यात बहुधा हेच घातलेलं असतं. भाचीनं ही माहिती मामाच्या ओठाकडे बघतच मेंदीवालीला ऐकवली.

तरी तात्या थांबले नाहीत. लग्नाला महिना उरला असताना ओळखीच्या कुणाकडून त्यांनी एक डबी आणली. सात दिवसांत चेहरा उजळ, दर निम्मा. डबीवर ना नाव, ना पत्ता, ना तारीख. भाचीनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"मामा, पिशवीतलं दूध तुम्हाला चालत नाही. आणि ही डबी चालती? हिची म्हैस कुठाय?"

अशा प्रश्नाला पेठेत आजवर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण असले प्रश्न विचारायचं काम तात्यांचं. पोरीनं मग सगळंच काढलं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी मायलेकींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीमनं इजा केली, मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला सगळ्या पेपरांत आलेली बातमी. पारा नसला तर स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत, नंतर कातडी पातळ, लाल, पुरळ भरलेली, आणि मलम बंद केलं की आणखी भडका. म्हणूनच २०१८ साली सरकारनं स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंद केली.

तात्या तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि सांगितलं, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, झोप पूर्ण घ्या, लग्नाच्या तोंडावर नवीन काही थापू नका. तात्या हिरमुसले. घासाघीस करायला काही उरलंच नव्हतं.

भाचीचे दात? ते नुसते साफ करून पॉलिश केले. तात्यांनी त्यासाठी वारणेच्या बाजूला नवे पारगावचं दंत महाविद्यालय शोधून काढलं. तिथं शिकणारी मुलं काम करतात, पण वर अनुभवी सर उभे असतात आणि खर्च कमी. शिवाय ज्या कॉलेजच्या नावातच तात्यासाहेब कोरे आहेत तिथं आपल्याला कोण फसवणार, हा तात्यांचा युक्तिवाद. चहाच्या रकान्यात मात्र फुली पडली.

हल्ली पेठेतली लग्नघरं तात्यांची वही मागून नेतात. तिच्यात दराचा रकाना आता शेवटी आहे. त्याच्या आधी दंतवैद्याचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, कारण कायद्यानं नोंदणीशिवाय दातांना हात लावता येत नाही, मग ते ब्यूटी पार्लर कितीही झगझगीत असो. नंतर क्रीमच्या डबीवरचं कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत. त्यानंतर आधीची कॅप, भरलेले दात, दुखणारा दात, पोटात बाळ असेल तर तेही डॉक्टरला सांगितलं का. एवढं भरलं तरच दर विचारायचा, आणि तिथं तात्यांइतकी घासाघीस खुशाल करावी.

लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून एवढंच सांगणं : सगळं तपासून "तुम्हाला काही करायची गरज नाही" असं सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याची फी मुकाट्यानं द्या. ह्याहून स्वस्त कोटेशन कोल्हापुरात मिळत नाही.